कानबाईच्या आधी घर रंगवताना

खानदेशात घराला रंग देण्याची वेळ बहुधा श्रावणाच्या तोंडावर येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही इथली देवी घरोघरी बसायची असते, तिच्या आधी घर लख्ख हवे, भिंती उजळलेल्या हव्यात, आणि पुण्याकडे, मुंबईकडे, सुरतेकडे नोकरीसाठी गेलेले भाऊबंद त्या दोन दिवसांसाठी घरी येणार असतात, म्हणून आषाढ सरता सरता रंगाऱ्याला निरोप जातो. रंगकामाला इतका अडचणीचा काळ वर्षात दुसरा नाही. बाहेर पाऊस असतो, हवा दमट असते, खिडक्या लावून घेतलेल्या असतात, आणि रंग हळूहळू वाळत असतानाच त्याच खोल्यांत पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने झोपतात. त्यांत तान्ही मुले असतात, दम्याची म्हातारी माणसे असतात, एखादी गरोदर लेक असते.

आमची बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, त्या वर्षी आईने तिच्या खोलीच्या भिंतींना आवर्जून ऑइलपेंट लावून घेतला होता. खोलीत बाळ येणार, भिंत ओल्या फडक्याने पुसता यावी, एवढाच त्यामागचा विचार होता. खोली दिसायला सुरेख झाली, पण दार उघडले की डोळे चुरचुरायचे, आत थोडा वेळ बसले की बहिणीचे डोके जड व्हायचे, आणि अखेर तिची खाट जवळजवळ तीन आठवडे ओसरीवरच राहिली. दुकानदाराने आम्हाला फसवले नव्हते. आम्ही त्याला ‘धुता येईल ना?’ एवढेच विचारले होते आणि त्याने खरे तेच उत्तर दिले होते. रंग घेताना आणखी काय विचारायचे असते, हे मला त्यानंतर शिकावे लागले, आणि ते इथे सविस्तर सांगतो.

रंगाच्या कोणत्याही डब्यात मुख्यतः चार गोष्टी असतात. रंगद्रव्य म्हणजे रंग देणारी बारीक पूड. तिला भिंतीशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे बंधक. हे सगळे पातळ करून ब्रशने पसरता यावे यासाठी लागणारा द्रव. आणि रंग टिकावा, त्यावर बुरशी येऊ नये, फेस होऊ नये यासाठी घातलेली थोडीथोडी इतर रसायने. रंग वाळतो म्हणजे यातला द्रव उडून जातो आणि बाकीचे भिंतीवर राहते. तो द्रव पाणी असेल तर पाण्याची वाफ होते. ऑइलपेंटमध्ये मात्र तो खनिज तेलापासून काढलेला टर्पेंटाइनसारखा द्रावक असतो, आणि तो सगळाच्या सगळा खोलीच्या हवेत येतो. अशा सहज उडून जाणाऱ्या कार्बनी पदार्थांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. डब्यावर आणि दुकानात त्यांचे नाव ‘व्हीओसी’ असे घेतले जाते. डोळे, नाक आणि घसा चुरचुरणे, डोकेदुखी, मळमळ, दमेकऱ्याला धाप लागणे हे त्यांचे लगेच जाणवणारे परिणाम आहेत. यांतली काही संयुगे दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिल्यास अधिक गंभीर अपाय करतात. फॉर्माल्डिहाइड हे त्यांतले ठळक उदाहरण असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

व्हीओसीचे प्रमाण दर लिटर रंगामागे किती ग्रॅम, असे सांगतात. युरोपीय संघाने घरातील भिंती व छतांच्या मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगांसाठी २०१० पासून लिटरमागे ३० ग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवली आहे. द्रावकावर आधारलेल्या ऑइलपेंटमध्ये हाच आकडा साधारण ३५० ते ४५० ग्रॅमच्या घरात जातो. हा फरक नुसत्या आकड्यांवरून लक्षात येत नाही, म्हणून एक खोली डोळ्यांपुढे आणावी. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली असेल, तर चार भिंती आणि छत मिळून ५६० चौरस फूट होतात, आणि दारे-खिडक्या वगळता दोन हातांना साधारण चार लिटर रंग लागतो. ३० ग्रॅमचा रंग लावला तर त्या खोलीच्या हवेत एकूण १२० ग्रॅम रसायन येईल. ४०० ग्रॅमचा ऑइलपेंट लावला तर १,६०० ग्रॅम, म्हणजे दीड किलोहून अधिक. रंगारी वरून जे टर्पेंटाइन ओततो आणि ब्रश धुवायला जे वापरतो, ते यात धरलेलेच नाही. आमच्या बहिणीच्या खोलीत काय झाले होते, ते हा हिशेब मांडल्यावर मला पहिल्यांदा नीट कळले.

म्हणून पहिला नियम साधा आहे. भिंतींना पाण्यात मिसळणारा इमल्शन घ्यावा, आणि त्यातही व्हीओसीचा आकडा ज्यावर छापलेला आहे असा घ्यावा. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ हे शब्द, हिरवे पान किंवा हसरे बाळ यांवर विसंबू नये. आकडा विचारावा, आणि तो डब्यावर नसेल तर त्या रंगाचे माहितीपत्रक मागावे. भारतीय उद्योग महासंघाचे ‘ग्रीनप्रो’ हे प्रमाणचिन्हही पाहण्यासारखे आहे. धुता येण्यासाठी ऑइलपेंटच लागतो, ही समजूत आता जुनी झाली आहे. चांगल्या प्रतीचे, किंचित चमक असलेले इमल्शनही ओल्या फडक्याने पुसता येते. वासावरून पारख करू नये, कारण काही रंगांत सुगंधी द्रव्य घालून मूळ वास झाकलेला असतो, तर चुन्याला उग्र वास असूनही तो या दृष्टीने निर्धोक असतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. डब्यावरचा व्हीओसीचा आकडा बहुतेक वेळा मूळ पांढऱ्या रंगाचा असतो. आपण शेडकार्डावर बोट ठेवतो, दुकानदार यंत्राखाली डबा ठेवतो, आणि यंत्र त्यात रंगछटेची पेस्ट सोडते. या पेस्टमध्ये ग्लायकोलसारखे द्रावक असू शकतात. फिकट छटेला पेस्ट थोडी लागते. गडद मरून किंवा गडद निळ्याला बरीच लागते. त्यामुळे शून्य व्हीओसीचा डबा घेऊन त्यात गडद छटा मिसळून घेतली, तर घरी येणारा रंग शून्याचा राहीलच असे नाही. मुलांच्या आणि झोपण्याच्या खोल्यांना फिकट छटा घ्यावी, आणि गडदच हवी असेल तर पेस्टही बिनव्हीओसीची आहे का, हे विचारून घ्यावे. व्हीओसी कमी असला म्हणून डब्यातले सगळेच निरुपद्रवी ठरत नाही. पाण्यातला रंग डब्यात नासू नये म्हणून त्यात जंतुनाशके घालावी लागतात, आणि आयसोथायाझोलिनोन या वर्गातील जंतुनाशकांची काही लोकांना त्वचेची ॲलर्जी होते. ज्यांना अशी ॲलर्जी आहे, त्यांनी रंग ओला असताना तरी त्यापासून दूर राहावे.

शिशाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे, कारण शिसे हवेत उडून जात नाही. ते भिंतीवर, दारावर वर्षानुवर्षे राहते आणि रंगाचा पोपडा सुटला की त्याच्या धुळीतून मुलांच्या हाताला व तोंडाला लागते. शिशाचे सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेते, आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. भारत सरकारने याबाबतचे नियम २०१६ मध्ये केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये, असे बंधन लागू झाले. डब्यावर तसे छापणेही बंधनकारक आहे. ‘९० पीपीएम’ हा उल्लेख ज्या डब्यावर नाही, तो डबा स्वस्त असला तरी घरात आणू नये.

हा नियम घरगुती रंगांपुरता आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. यंत्रांचे, ट्रॉलीचे, औद्योगिक कामाचे रंग त्यात येतात असे गृहीत धरता येत नाही, आणि आपल्याकडे हे रंग घरात शिरण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. ट्रॉली रंगवून उरलेला पिवळा डबा फाटकाला वापरला जातो. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट वाटीभर शिल्लक असतो, तो चौकटीला, पाटाला, कधी बाळाच्या लाकडी पाळण्यालाही लागतो. शिशाची जुनी रंगद्रव्ये नेमकी याच रंगांत सापडतात. पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी लेड क्रोमेट वापरले जात असे, आणि शेंदरी रंगाचा पारंपरिक शेंदूर हे तर शिशाचेच ऑक्साइड आहे. लोखंडी जाळ्यांना लावला जाणारा तपकिरी रेड ऑक्साइड मात्र लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. दोहोंची नावे जवळची वाटली तरी पदार्थ वेगळे आहेत. ज्या वस्तूला मूल तोंड लावू शकते, तिला असा कोणताही उरलासुरला रंग लावू नये, एवढे तरी प्रत्येक घराने पाळावे.

घर जुने असेल, दारांवर नियम येण्यापूर्वीच्या ऑइलपेंटचे थर असतील, तर ते कोरडे घासू नयेत. काचपेपरने कोरडे घासले की शिशाची बारीक धूळ उडते आणि ती गाद्यांवर, धान्याच्या कोठ्यांवर बसते. पृष्ठभाग पाण्याने ओला करून वॉटरपेपरने घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, पडलेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने उचलावा, आणि ते काम चालू असताना मुले व गरोदर स्त्रिया घरात असू नयेत. जुना थर घट्ट बसलेला असेल तर तो न काढता त्यावर नवा रंग चढवणेच शहाणपणाचे ठरते.

आता भिंतीकडे वळू. रंग निवडण्याआधी भिंत कशाची आहे आणि ती कोरडी आहे का, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. तापीकाठच्या आणि काळ्या जमिनीवरच्या गावांत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात ती आकसते, त्यामुळे भिंतींना बारीक तडे जातात आणि त्यांतून ओल शिरते. ओलसर भिंतीवर कितीही महागडा, कमी रसायनांचा रंग लावला तरी वर्षभरात पोपडे सुटतात, मागे बुरशी धरते, आणि ती बुरशी दमेकऱ्याच्या छातीला रंगाच्या वासाइतकीच बाधते. गळती, मोरीची ओल, स्लॅबचा पाझर यांची दुरुस्ती आधी करून घ्यावी. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर पाणी मारण्याचे दिवस संपल्यावरही त्याला नीट वाळू द्यावे.

धाब्याच्या, मातीच्या भिंतींच्या घरांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि अशी घरे आपल्या खेड्यांतून अजून आहेत. मातीची भिंत ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की ती सोडते. तिच्यावर प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आत अडकते, आणि काही पावसाळ्यांनंतर रंगासकट मातीचा थर गळून पडतो. आपल्या आज्या-पणज्या पांढऱ्या मातीने भिंती पोतारत आणि शेणमातीने जमीन सारवत, त्यात भिंतीला श्वास घेऊ देण्याचे शहाणपण होते. अशा भिंतीला आजही चुन्यासारखा दुसरा सोबती नाही.

चुन्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तो आपल्या हाताशी असलेला सर्वांत स्वस्त आणि कमीत कमी रसायनांचा रंग आहे. भाजलेली चुनखडी म्हणजे कळीचा चुना. तो पाण्यात टाकला की खदखदतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच पातळ थर बसतो. ओला चुना अतिशय अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी टिकत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यपद्धतीत दिलेले प्रमाण घरीही उपयोगी पडते. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी घालून तो विरू द्यावा, चोवीस तास तसाच ठेवावा, मग जाड्याभरड्या कापडातून गाळून घ्यावा. गाळलेल्या दहा लिटर चुन्यात गरम पाण्यात विरघळवलेला ४० ग्रॅम डिंक घालावा, म्हणजे अंगाला व कपड्यांना तो कमी लागतो. पांढरेपणा खुलावा म्हणून किलोला तीन ग्रॅमपर्यंत नीळ चालते. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात मारावेत, आणि प्रत्येक हात वाळू द्यावा. आमच्या घरी हे काम लोखंडी पिंपात होई. चुना विरताना पिंपाचा काठ हाताला चटका बसण्याइतका तापलेला असे आणि आजी आम्हाला त्याच्या जवळ फिरकू देत नसे. तिचा तो धाक योग्यच होता, कारण चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय चुन्याला हात घालू नये, आणि शिंतोडा गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहून तडक डॉक्टरांकडे जावे.

चुन्याला मर्यादाही आहेत. तो पुसता येत नाही, एकदोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि आधीच प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट असलेल्या भिंतीवर तो धरत नाही. अशा वेळी मधला पर्याय म्हणून खादी व ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून बनवलेला खादी प्राकृतिक रंग पाहता येतो. तो १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आणला गेला आणि डिस्टेंपर व इमल्शन अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. माझ्या मते सिमेंटच्या घरात झोपायच्या खोल्यांना कमी व्हीओसीचे इमल्शन, मागच्या पडवीला आणि गोठ्याला चुना, आणि ऑइलपेंट केवळ लोखंडी जाळ्या-फाटकांपुरता, ही वाटणी बहुतेक कुटुंबांना खिशालाही झेपते. लाकडी दारांसाठीही आता पाण्यातले इनॅमल मिळते. त्याला टर्पेंटाइन लागत नाही.

भिंतीवर रंगाऐवजी काही चिकटवण्याची हौस अलीकडे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. पीव्हीसीचे पॅनेल, विनाइलचे वॉलपेपर, मागे गोंद असलेले चिकटपट्टीसारखे कागद, हे सगळे मुळात प्लास्टिक आहे. मऊ विनाइलमध्ये ते लवचीक राहावे म्हणून थॅलेटसारखे पदार्थ मिसळले जातात आणि ते कालांतराने घरातल्या धुळीत उतरतात. आग लागल्यास पीव्हीसीतून श्वसनमार्ग जाळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओल लपवण्यासाठी पॅनेल ठोकणे ही तर सर्वांत मोठी चूक, कारण मागची ओल वाळत नाही आणि बुरशी नजरेआड वाढत जाते. वॉलपेपर हवाच असेल तर साध्या कागदाचा किंवा नॉन-वोव्हन प्रकारचा घ्यावा, आणि तो स्टार्चच्या किंवा सेल्युलोजच्या पाण्यातल्या खळीने कोरड्या भिंतीवर लावावा. टीव्हीमागे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेले, बोर्ड लावताना त्यांतून फॉर्माल्डिहाइड कमी निघणारा, ‘ई-१’ किंवा त्याहून चांगल्या श्रेणीचा बोर्ड मागावा, आणि त्याच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि त्याला पैसे लागत नाहीत. रंगातून निघणारी वाफ पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते, पुढे कित्येक आठवडे ती कमी कमी होत जाते. म्हणून कानबाईसाठी रंग द्यायचा असेल तर तो श्रावणापर्यंत लांबवू नये. दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंतची कोरडी, बेताच्या तापमानाची हवा आपल्याकडे उत्तम असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तापलेल्या भिंतीवर रंग फार लवकर आवळतो, शिवाय झळांच्या भीतीने खिडक्या बंद ठेवल्या जातात. त्या दिवसांत काम निघालेच तर कूलरचे पाणी काढून नुसता पंखा चालू ठेवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे खोलीतली वाफ समोरून बाहेर पडते. एसी मात्र आतलीच हवा फिरवत राहतो, म्हणून रंगवलेल्या खोलीत तो लावून झोपू नये. बाळंतिणीची खोली असेल तर ती यायच्या निदान महिनाभर आधी रंगकाम संपलेले असावे.

या सगळ्यात आपण एका माणसाला विसरतो. आपल्या घरात रंगाचा वास काही आठवडे राहतो. रंगारी तो आयुष्यभर घेतो. कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाशी निश्चित संबंध असलेल्यांत, नोंदवला आहे. पुट्टी घासताना उडणाऱ्या पांढऱ्या भुकटीत तो दिवसभर उभा असतो आणि तोंडाला फार तर रुमाल बांधतो. रुमालाने ती बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्कने अडते. मास्क द्रावकाची वाफ मात्र अडवत नाही, म्हणून तो माणूस काम करत असताना खिडक्या उघड्या ठेवणे, त्याला जेवायला रंगाच्या खोलीबाहेर बसवणे, आणि हात धुवायला थिनरऐवजी साबण देणे हे आपल्या हातात आहे. संध्याकाळी ब्रश धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाशेजारी ओतू देऊ नये. उरलेला रंग घट्ट झाकण लावून, त्यावर खोलीचे नाव, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. थिनरची बाटली मात्र घरात ठेवूच नये, ती रंगाऱ्यासोबत परत पाठवावी.